शंभरापैकी अकरा

लग्नाचा मांडव असो, न्हाव्याची पथारी असो, नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन. आमचे मामा तिथे पोचले की थोड्याच वेळात तो प्रश्न यायचा म्हणजे यायचाच. आधी ते घसा साफ करायचे, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचे, "सगळं खरं हाय भाऊ, पण उद्या काडेपेटी बंद झाली तं?"

एकदा त्यांनी हा प्रश्न भर मांडवात नवरदेवाला विचारला. आम्ही मंडळींनी नुकतीच कुठे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, नव्या पद्धतीचं लग्न कसं असतं हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्या बिचाऱ्याला वाटलं, हाही विधीचाच भाग आहे. तो हात जोडून म्हणाला, "मी प्रयत्न करीन." मामा इतके खूश झाले की वर्षभर त्या पोराचं कौतुक सांगत होते.

मामा म्हणजे माझ्या आईचे लांबचे मावसभाऊ. पांढरकवड्याला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं घर होतं. जन्मभर त्यांनी सडकेवर मुकादमी केली, आणि त्याआधी लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर खडक फोडणाऱ्या तुकडीत सुरुंग भरले. घरी ते आणि मामी दोघंच, मूलबाळ नव्हतं. अष्टग्रहीच्या आदल्या वर्षी मला पांढरकवड्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी मला याच घरी आणून सोडलं.

सोडताना बाबांनी अट घातली होती. एक वर्ष. तेवढ्यात एक जरी वावगी गोष्ट कानावर आली, तर ट्रंक उचलायची आणि पुलगावला परत यायचं. तिकडे एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. नागपूरच्या गिरणीतला मुकादम, बिजवर, मिशीला मेण लावणारा. मला तो नको होता. मला माझी नोकरी हवी होती, खडूनं माखलेली बोटं हवी होती आणि मुलींचं ते "बाई, बाई" हवं होतं. त्या वर्षभर मी जी काही काळजी केली ती या एकाच गोष्टीची.

पहिल्याच दिवशी मामांनी माझी ट्रंक उघडायला लावली.

"साबण? बाहेरचा. आरसा? बाहेरचा. लुगडं?"

"कापूस आपल्याकडचाच असन," बाबा म्हणाले.

"इणलं कुठं?"

"मुंबईले."

"मंग बाहेरचंच." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन् पोरगी बी बाहेरचीच. ठेवा डाव्या हाताले."

आतून मामींचा आवाज आला, "मी बी आर्वीची हाओ, पोरी. घाबरू नको. इतकी वर्षं झाली, मले अजून डावीकडंच ठेवलं हाय."

त्या घराची व्यवस्था अशी होती की मधल्या दारातून आत गेलं की उजवीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं सामान आणि डावीकडे जिल्ह्याबाहेरचं. उजवीकडे ज्वारी, तूर, जवसाचं तेल, मोहफुलं, मध, डिंक, चुना, कापसाचे पेळू. डावीकडे घासलेट, काडेपेटी, साखर, मी आणि मामी. उजवीकडचं वापरायचं आणि डावीकडचं विसरायचा सराव करायचा, हा मामांचा नियम. कारण 'तो दिवस' कधीही येऊ शकतो. 'तो दिवस' म्हणजे नक्की काय, पूर की लढाई की दुष्काळ, हे ते कधी सांगत नसत. म्हणायचे, "मी एका दिसात अख्खा बाजार उठलेला पाह्यला हाय, वं. सकाळी दुकानदार घासाघीस करत होता, संध्याकाळी दुकानात कुत्रं झोपलं होतं."

चहा अर्थातच बंद. त्याऐवजी तरोट्याच्या बिया भाजून, कुटून त्याची कॉफी. ती पहिल्यांदा प्यायले तेव्हा कुणीतरी जुनी दोरी जाळून पाण्यात विझवली आहे असं वाटलं. पण रविवारी मामांची सायकल कोपऱ्यावर वळली रे वळली की मामी मिठाच्या मडक्यांमागून चहाची पुडी काढायच्या, आणि आम्ही दोघी बाहेरच्या बायका चुलीपुढे बसून बाहेरचा चहा बशीत ओतून ओतून प्यायचो. त्या चहासारखा चहा मी नंतर कधी प्यायले नाही.

मिठाच्या मडक्यांचं सांगायला हवं. जिल्ह्यावर मामांचं जिवापाड प्रेम, पण एका बाबतीत ते त्याच्यावर कायमचे रुसले होते. "कोळसा देल्ला, चुना देल्ला, सागवान देल्लं, कापूस तं बोलूच नको. आन् मीठ इसरला!" कोण विसरला, हे मात्र त्यांना सांगता यायचं नाही. देव मानणं त्यांनी सोडलं होतं, राग सोडायचा राहून गेला होता. लढाईतून पायी माघारी येताना त्यांच्या तुकडीकडे डबाबंद सगळं काही होतं, फक्त मीठ नव्हतं. "घाम वाळला ना, का मंग आम्ही वर्दीची कॉलर चोखत होतो," ते हसत हसत सांगायचे. हसता हसता उठायचे, जाऊन मडकी मोजायचे आणि मग परत येऊन हसू पुरं करायचे. मला त्या वेळी त्यांची फार माया यायची.

रविवारी ते जायचे ते पाहणीला. तो दिवस आलाच, तर आपल्या माणसांनी जाऊन कुठं वसायचं, त्यासाठी गाव ठरवायचं होतं. सायकलवर भाकरी बांधून ते गावंच्या गावं पालथी घालत. प्रत्येक गावाला शंभरापैकी मार्क: पाणी, आग, तेल, कापड आणि माणूस, प्रत्येकी वीस. पाणी उन्हाळ्यात टिकतं का? जळण जवळ आहे का? तेलाचा घाणा? कुंभार? सुईण? आणि पाणी किती, हे विचारून झालं की लगेच दुसरा प्रश्न, "आपल्याले किती?" कारण दीक्षेनंतर आमच्या देव्हाऱ्यांतून देव उतरले होते, पण गावोगावच्या विहिरींवरून पहारेकरी उतरले नव्हते. परत आले की माजघराच्या भिंतीवर कोळशानं गावाचं नाव आणि मार्क. मामी दर वर्षी सगळं घर सारवायच्या, पण त्या भिंतीला हात लावायची त्यांना मनाई होती.

मार्क चांगले पडत होते. ऐंशी, पंच्याऐंशी, एक गाव तर ब्याण्णव. मामांची छाती फुगत चालली होती. अष्टग्रही जवळ आली तसे, जग बुडणार म्हणून, गावातले लोक होमहवनाच्या आणि जपाच्या मागे लागले, तर मामा बाजारात उभे राहून सांगायचे, "आठ ग्रह एका घरात बसून राह्यले तं बसू द्या ना. पाव्हणेच हायत, जेवतीन आन् जातीन. काडेपेटीचं काय ते बोला!"

फक्त एका रविवारी ते तणतणत आले. सायकल भिंतीला आपटली, कोळसा उचलला आणि भिंतीच्या पार तळाशी, जमिनीला टेकून लिहिलं: अकरा.

"राळेगावच्या अलीकडं हाय," ते म्हणाले. "एक पोट्टं खड्ड्यात उभं, टिकास घेऊन. मी वरून इचारलं, बाबू, पाणी किती? तं म्हणते कसा, 'काका, गावात दोन विहिरी. एक होळीलेच आटते. दुसरी आटत नाही, पण तिच्यावर आम्हाले चढू देत नाहीत. म्हणून हे तिसरी खोदून राह्यलो, तं खाली खडक लागला. खरं सांगू? पोरगी देऊ नका इथं.' आता सांग! मी पाणी इचारून राह्यलो, हा पोरीचं काढते कायले?"

"पाण्याला किती दिले?" मी विचारलं.

"भोपळा. आगीले पाच. माणसाले सहा."

"सहा का?"

"खोटं नाही बोलला म्हणून सहा. उद्धट बोलला म्हणून चौदा कापले."

मी हसले आणि विसरून गेले. तिथेच मला शहाणपण यायला हवं होतं. कारण मामा दर रविवारी गावोगावहून येताना नारळ आणायचे, टॉवेल आणायचे, डोक्यावर कोरी टोपी असायची, आणि अंगाला पुरणपोळीच्या तुपाचा वास. पाहणी करणाऱ्या विद्वानाचा गावकरी असाच मान राखतात, अशी त्यांची समजूत होती. शेवटी एकदा मी पोळ्या लाटता लाटता सहज विचारलं, "मामा, ते लोक तुम्हाला काय विचारतात हो?"

"काही नाही. मुलगी काय शिकली म्हणून इचारतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"जे हाय ते. फायनल पास, ट्रेनिंग झालेली, मास्तरीण हाय. खोटं कायले बोलू?"

लाटणं माझ्या हातातून सुटलं. "मामा! कोणती मुलगी?"

"तूच असशील, वं. घरात दुसरी कोण हाय? मामीले तं कोणी मुलगी म्हणणार नाही."

मामी चुलीपुढे बसल्या बसल्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या. त्या हसू लागल्या की त्यांचा आवाज यायचा नाही, नुसते खांदे उडायचे. मला मात्र घाम फुटला. आमच्या भागात, परक्या गावात जाऊन विहिरी किती, पाणी उन्हाळ्यात टिकतं का, सुईण आहे का, असं कोण विचारतं? पोरीचा बाप! जगाच्या पाठीवर दुसरा कुणीही हे प्रश्न विचारत नाही. म्हणजे गेले सहा-आठ महिने मामा माझं स्थळ बघत हिंडत होते, आणि हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मामांना नव्हतं.

पुढचं व्हायचं ते ऐन अष्टग्रहीच्या आठवड्यात झालं. बाजाराचा दिवस. तीन गावांहून मुलाकडच्या तीन बैठका एकाच वेळी येऊन ओसरीवर टेकल्या, उत्तर घ्यायला. प्रत्येकाला दुसऱ्या दोघांचा संशय. मामांना वाटलं, ही मंडळी आपली तयारी पाहायला आली आहेत. त्यांनी त्यांना मिठाची मडकी दाखवली, राखेत जपलेला विस्तव दाखवला, तरोट्याची कॉफी पाजली. एक म्हातारबाबा ती तोंडात घेऊन तसेच बसून राहिले, गिळायची की नाही ठरेना. मग मामांनी गारगोटी आणि लोखंडाचा तुकडा काढून कापसावर ठिणगी पाडून दाखवली. ठिणगी कापसावर पडायची ती पडलीच, पण एक त्या म्हातारबाबांच्या उपरण्यावरही पडली. कॉफी तिथे कामी आली.

विझवाविझवी झाल्यावर एकानं धीर करून विचारलं, "मंग काय ठरलं, पाव्हणे?"

मामा उभे राहिले. "तुमचं गाव ब्याण्णव मार्कानं पास हाय! आन् तुमचं शहाऐंशी. तुमचं बी पासच. मी आखाजीच्या आत येतो आन् काय ते पक्कं करतो!"

तिघंही खूश होऊन उठले. मामींनी दाराआडून मला हळूच सांगितलं, "तीन ठिकाणी देली तुले."

अशी बातमी पुलगावला पोचायला कितीसा वेळ? मार्चअखेरीला सरकी घेऊन जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं बाबांचा निरोप आणला. शाळेला सुट्टी लागली की ट्रंक बांधून ठेव, मी न्यायला येतो. नागपूरची मिशी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या रात्री मी खूप रडले. मामींनी समजूत काढली नाही, नुसत्या जवळ येऊन बसल्या.

मामांना माझ्या रडण्याचं कारण समजावून सांगायला मामींना बराच वेळ लागला. समजलं तेव्हा ते चक्क लाजले. टोपी काढून हातात फिरवत म्हणाले, "मले वाटलं, लोकाईले माही पाहणी समजून राह्यली." मग एकदम ताठ झाले. "चल. त्या ब्याण्णववाल्याले मी स्वतः सांगतो, का पोरगी द्याची नाही. आन् गाव बी पाहून येतो, राह्याले जायचंच हाय तिथं."

भर उन्हाळ्यात आम्ही त्या गावी पोचलो. मामा तहानलेले. ते सरळ 'आपल्या' विहिरीवर गेले, बाजूची बादली उचलली आणि पाण्यात सोडली. तेवढ्यात कडुनिंबाखालच्या बाजेवरून कुणीतरी ओरडलं, "कोण हाय बे तो? विहिरीवर कसा चढला?"

गावचे पाटील होते. मामांना काही उमगेना. "आवो, ही तं आमची विहीर! वीसपैकी वीस मार्क देल्ले मी हिले!"

"मार्क?" पाटील उठून बसले. त्यांच्या विहिरीला आजवर कुणी मार्क दिले नव्हते. त्या गोंधळात मी मामांचा दंड धरून त्यांना ओढत खाली आणलं, नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं कोण जाणे. मागून एक म्हातारी धावत आली, ज्या घरी मामा पुरणपोळी जेवले होते त्या घरची.

"आमची विहीर नाही, बाप्पा, ते," ती कळवळून म्हणाली. "पाटील त्या दिवशी कोर्टाच्या तारखेले यवतमाळले गेलते, म्हणून दाखवली."

"आन् कुंभार?"

"तो बाजूच्या गावचा. दिवसभरासाठी आणलता. पायलीभर जवारी देली त्याले."

"घाणा?"

"मोडकाच हाय. वरून तेल लावलतं."

"बैल तरी?"

म्हातारीनं पदरात तोंड लपवलं. "पोरीचा बाप आल्यावर सगळेच आणतात जी."

मामा तिथेच मातीत बसले. मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघवेना. शहाऐंशीवाल्या आणि तिसऱ्या गावाला आम्ही फक्त निरोप धाडला, "विहीर पाहाले येतो." दोन्हीकडून उलट उत्तर आलं की मुलाचं दुसरीकडे जमलं. तीन ठिकाणी दिलेली मी एका आठवड्यात तिन्ही ठिकाणांहून मोकळी झाले.

घरी आल्यावर मामांनी ओलं फडकं घेतलं आणि भिंत वरून पुसायला सुरुवात केली. ब्याण्णव गेलं, शहाऐंशी गेलं, पंच्याऐंशी, ऐंशी, सगळा जिल्हा काळा होऊन ओघळला. पुसत पुसत ते जमिनीपाशी आले, उकिडवे बसले आणि थांबले.

"हे नाही पुसत," ते म्हणाले. "अकराच हायत. पण अकराच्या अकरा खरे हायत."

दुसऱ्याच आठवड्यात मामा तिकडे निघाले. सडकेच्या कामावरचा एक परवानेवाला ठेकेदार त्यांचा जुना दोस्त. त्याचा एक माणूस आणि सुरुंगाची दारू सोबत घेतली. मीही निघाले. मामांना एकटं कसं सोडायचं, हे मी मामींना सांगितलेलं कारण. खरं कारण हे की "पोरगी देऊ नका इथं" असं म्हणणारा माणूस दिसतो कसा, ते मला बघायचं होतं.

तो खड्ड्यातच होता. अंगभर पांढरी धूळ, दात तेवढे दिसत होते.

"परत आले काका तुम्ही?"

"पोरगी द्याले नाही आलो. खडक फोडाले आलो."

"मंग ह्या कोण?"

"हे जिल्ह्याबाहेरची हाय," मामा म्हणाले, आणि तेवढ्यावर ओळख संपली.

दोन दिवस मामा खडकात भोकं पाडून घेत होते. वस्तीतली सगळी माणसं राबत होती, बायका टोपल्या पुढे देत होत्या, मग मीही रांगेत उभी राहिले. टोपली घेताना तो एकदा म्हणाला, "तुम्ही मास्तरीण ना? हातं खराब होतीन."

"खडूनं व्हायचे ते झालेच आहेत," मी म्हटलं. "आणि मी नोकरी सोडणार नाही." हे मी त्याला का सांगितलं, देव जाणे, विचारलं तर कुणीच नव्हतं.

त्याने टोपली खाली ठेवली. "कायले सोडता? इथल्या शाळेत मास्तर हप्त्यातून दोनदा येते. लेकरं बाकीचे दिवस झाडावर असतात."

सुरुंग पेटवायच्या वेळी सगळ्यांना चिंचेमागे पाठवलं. खाली मामा एकटे. वात काडेपेटीनं पेटवायची नाही, हा त्यांचा हट्ट. गारगोटीची टकटक सुरू झाली. ठेकेदाराच्या माणसानं हे पाहिलं आणि तो चिंच सोडून पार नाल्यापलीकडे पळाला. टकटक, टकटक. कापूस घामानं ओला झालेला, ठिणगी धरेना. शेवटी खड्डा खोदणारा तो पोरगा उठला, शांतपणे खड्ड्यात उतरला आणि त्यानं खिशातली काडेपेटी पुढे केली. मामांनी ती घेतली, उलटून पालटून पाहिली.

"बंद नाही झाली अजून?"

"नाही काका."

"मंग दे."

दोघंही धावत वर आले. असा आवाज त्या गावानं कधी ऐकला नव्हता. धोंडे उडाले, त्यातला एक नेमका मामांच्या सायकलवर पडला आणि चाकाचं आठ झालं. पण धूळ बसली तेव्हा खडकाच्या चिरेतून पाणी झिरपत होतं. मामा या वयात उडी मारून खाली उतरले, ओंजळ भरली, चाखली आणि किंचाळले, "खारट! खारट हाय! मीठ हाय! जिल्ह्यात मीठ हाय!"

ते त्या गढूळ पाण्यात नाचायला लागले. वर मात्र कुणीच नाचत नव्हतं. वर्षभर खडक फोडून खारं पाणी लागलं, तर वस्तीनं काय करायचं? त्या खोदणाऱ्या पोराचा चेहरा पडला. आणि नेमक्या त्याच वेळी, एस्टीतून उतरून उन्हात पायपीट करत, मामींनी दिलेल्या पत्त्यावर बाबा येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर चुन्यात बुडवून काढल्यासारखी त्यांची मुलगी, आणि खड्ड्यात नाचणारा त्यांच्या बायकोचा भाऊ.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या त्या पांढऱ्या पोराकडे पाहिलं. बाप तो बाप, त्यांनी विचारलं, "पाणी लागलं काय?"

"लागलं जी. पण खारं हाय. उपसून पाहू."

"तुह्यं घर कोणतं?"

"ते. अर्धं कौलाचं हाय. अर्धं व्हायचं हाय."

बाबांनी त्या घराकडे एकदा पाहिलं. सदरा काढला आणि दोरावर जाऊन उभे राहिले. पुलगावच्या गिरणीत जन्म गेलेला माणूस, रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. उपसा चालू झाला. ठेकेदाराचा माणूस नाल्यापलीकडून परत आल्यावर म्हणाला की ही चव सुरुंगाच्या दारूची असते, उपसल्यावर जाईल. मामांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी बादली वर आली, पहिल्यांदा एका म्हातारीनं चव घेतली आणि तिनं नुसतं डोळे मिटून "गोड" म्हटलं. सगळी वस्ती नाचली. लेकरांनी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. त्या आनंदात एकटा माणूस आपल्या मोडक्या सायकलीपाशी बसून डोळे पुसत होता.

"गेलं," मामा म्हणाले. "दोन दिस होतं वं. गेलं."

बाबा पोटभर पाणी प्यायले आणि तोंड पुसून मला म्हणाले, "ट्रंक कुठं हाय तुही?"

"मामांकडे. डावीकडे."

"राहू दे. इकडंच आणू मंग."

मेण लावलेली मिशी नागपूरला राहिली, माझी नोकरी टिकली, आणि पुढच्या वर्षी बदलीही याच गावच्या शाळेत झाली. त्या खड्ड्यातल्याशी माझं लग्न लागलं तेव्हा मामांनी भेट आणली ती त्यांच्या चुलीतला विस्तव. मडक्यात राख, राखेत निखारे, आणि ते मडकं मांडीवर घेऊन एस्टीनं. कंडक्टर म्हणे, गाडीत आग चालत नाही. मामा म्हणे, इंजिनात काय हाय मग? ड्रायव्हरनं गाडी थांबवली, सगळ्या प्रवाशांनी वाद घातला, शेवटी मडक्याचं अर्धं तिकीट फाडून तोड निघाली. मी तो विस्तव माझ्या चुलीत घातला. मग विचारलं, "मामा, आता गावात विहीर झाली. मार्क वाढवा."

"पाणी वाढलं, मीठ गेलं," ते म्हणाले. "अकराच."

त्यानंतर तीन-चार वर्षांनी भादव्यात मोठी झड लागली. पाऊस थांबेचना. नाले भरले, रस्ता बंद, दुकानातल्या काडेपेट्यांचा लगदा झाला. एका सकाळी माझ्या दारात बाया उभ्या, हातात गोवऱ्या घेऊन. आमच्या वस्तीतल्या, आणि त्यांच्यामागे वरच्या आळीतल्यासुद्धा, ज्यांच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते त्या. एकीलाही माझ्याकडे वर बघवत नव्हतं. चुलीत मामांचा विस्तव होता; मी तो एक दिवस विझू दिला नव्हता.

रस्ता सुरू झाल्यावर मामा आले, दुरुस्त केलेल्या सायकलवर. खूप थकले होते. मी त्यांना चहा दिला, बाहेरचा, आणि ते तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग हे सगळं सांगितलं. काडेपेटी बंद झाली होती, हे ऐकून त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकले. मग त्यांनी विचारलं, "वरच्या आळीतल्या बायाईले देली काय तू?"

"दिली. सगळ्यांना दिली."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चुलीतून एक विझलेला कोळसा उचलला, सावकाश उठले, आणि माझ्या नव्या सारवलेल्या भिंतीवर अगदी वरच्या बाजूला, हात पोचेल तेवढ्या उंचीवर, गावाचं नाव लिहिलं.

"बारा," ते म्हणाले.